टाबू : एका मूकपटातले कागद

‘टाबू’ हा १९३१ सालचा चित्रपट पाहताना थोड्या वेळाने एक गोष्ट ध्यानात येते आणि मग ती डोक्यातून जात नाही. इथे कुणाचंही बोलणं पाटीवर लिहून येत नाही. एरवी मूकपटात पात्राचे ओठ हलतात, चित्र थांबतं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत संवाद उमटतो, तो वाचून आपण पुन्हा गोष्टीत शिरतो. ‘टाबू’मध्ये सुरुवातीचा थोडा मजकूर आणि दोन भागांची नावं सोडली, तर असं काही नाही. तरीही दीड तासाच्या आत एक अख्खी प्रेमकथा आणि तिच्यातला कायदा, धमकी, लाच, कर्ज, निरोप असं सगळं लख्ख समजतं.

याचं कारण असं, की जे काही वाचायचं ते गोष्टीच्या आतच लिहिलेलं आहे. टोळीप्रमुखाचा हुकूम एका गुंडाळीवर येतो आणि गावासमोर वाचला जातो. फरारी जोडप्याला पकडून देणाऱ्याला बक्षीस देऊ, असं सरकारी पत्र फ्रेंच पोलिसाच्या हाती पडतं. दुकानदार बिलं पुढे करतो. पाण्यावर ‘इथे बुडी मारू नये’ अशी मनाईची पाटी उभी असते. शेवटी एक पत्र असतं, निरोपाचं. पडद्यावरचा माणूस जे वाचतो तेच आपण वाचतो, त्याच्या खांद्यावरून डोकावून. दिग्दर्शक आपल्याशी वेगळं बोलतच नाही.

इथवर ही तंत्राची हुशारी वाटेल. पण कागद एकामागोमाग एक येऊ लागले की पोटात गोळा येतो. यातला जवळजवळ प्रत्येक कागद नायक-नायिकेच्या विरोधात जाणारा आहे. ती दोघं पोहतात, धावतात, नाचतात, वल्ही मारतात. त्यांचं सगळं आयुष्य अंगाने जगायचं. आणि लिहिलेल्या अक्षरांचा फास हळूहळू त्यांच्याभोवती आवळत जातो. संवादाच्या पाट्या काढून टाकल्यामुळे उरलेल्या प्रत्येक अक्षराला वजन आलंय, आणि त्या वजनाखालीच गोष्ट दबून मरते. तंत्र आणि आशय इतके एकजीव झालेले मी फार थोड्या चित्रपटांत पाहिलेत.

हे करणारा माणूस जर्मन होता. फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाउ, जन्म १८८८, मूळ आडनाव प्लुम्पे. पहिल्या महायुद्धात तो लढाऊ विमानं चालवायचा. १९२२ मध्ये त्याने ‘नोस्फेराटू’ हा रक्तपिपासू उमरावाचा चित्रपट केला, त्यातली जिन्यावरून चढत जाणारी सावली आजही जगभर ओळखली जाते. १९२४ मध्ये त्याने एका हॉटेलच्या म्हाताऱ्या दरवानाची गोष्ट सांगितली, तीही संवादाच्या पाट्यांशिवाय; अख्ख्या चित्रपटात निवेदनाची म्हणावी अशी एकच पाटी. कॅमेरा जमिनीला खिळलेला न ठेवता त्याला चालायला, तरंगायला लावण्याबद्दल या चित्रपटाचं नाव झालं. मग हॉलिवूडने त्याला बोलावलं. १९२७ चा ‘सनराइज’ त्याने फॉक्स कंपनीसाठी केला आणि पहिल्याच ऑस्कर समारंभात त्या चित्रपटाला ‘अद्वितीय आणि कलात्मक निर्मिती’चा पुरस्कार मिळाला. त्यानंतर बोलपटाची लाट आली. ‘सिटी गर्ल’ या त्याच्या मूकपटात कंपनीने त्याच्या अपरोक्ष बोलते प्रसंग घुसवले. मुर्नाउने फॉक्स सोडली. १९२९ साली ‘बाली’ नावाची आपली शिडाची नौका घेऊन तो कॅलिफोर्नियाहून ताहितीच्या दिशेने निघाला.

त्याचा भागीदार होता रॉबर्ट फ्लाहर्टी, ‘नानूक ऑफ द नॉर्थ’वाला. बर्फातल्या इनुइट शिकाऱ्याच्या त्या १९२२ च्या चित्रपटाने त्याला जगप्रसिद्ध केलं होतं. पुढे सामोआ बेटावर त्याने ‘मोआना’ केला. १९२६ साली त्याच चित्रपटाबद्दल लिहिताना जॉन ग्रिअर्सनने ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्द वापरला आणि तो चित्रपटांच्या जगात कायमचा राहिला. म्हणजे सावल्यांचा बादशहा आणि खऱ्या आयुष्याचा वेध घेणारा, असे दोघे एकत्र आले होते. जमणं अवघडच होतं. ज्या कंपनीने पैसे द्यायचं कबूल केलं होतं तिच्याकडून पैसे येईनात. मुर्नाउने स्वतःची पुंजी घातली, हॉलिवूडहून आणलेली माणसं परत पाठवली आणि बेटावरच्याच लोकांना कामाला तयार केलं. सुरुवातीची भाल्याने मासे मारण्याची दृश्यं फ्लाहर्टीने चित्रित केली, पण त्याचा कॅमेरा त्रास देऊ लागला. मग फ्लॉइड क्रॉस्बी नावाच्या तरुण छायाचित्रकाराला बोलावणं गेलं. फ्लाहर्टीला गोष्टच फार युरोपी वळणाची वाटत होती. अखेर आपला वाटा मुर्नाउला विकून तो बाजूला झाला. माझ्या मते या भांडणाने चित्रपटाचं भलंच झालं. पहिली काही मिनिटं फ्लाहर्टीची ताजी हवा आहे, आणि मग तिच्यात मुर्नाउची सावली शिरते.

ज्या बेटावर हे घडतं ते बोरा बोरा. ताहितीच्या वायव्येला, दक्षिण प्रशांत महासागरात. मधोमध विझलेल्या ज्वालामुखीचा काळाभोर सुळका, ओतेमानू, ७२७ मीटर उंच. त्याच्या पायथ्याशी नारळी, मग निळंहिरवं शांत पाणी, आणि त्याभोवती प्रवाळाचं कडं, ज्याच्यावर महासागराच्या लाटा फुटतात. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये प्रवाळबेटांवरच्या आपल्या पुस्तकात याच बेटाचा दाखला दिला. त्याचं म्हणणं असं, की असा ज्वालामुखी फार सावकाश खाली खचत जातो आणि त्याच्या काठाने वाढणारं प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर चढत राहतं. डोंगर आणि प्रवाळ यांच्यामध्ये पाणी साचतं, तेच हे शांत सरोवर. आणखी लाखो वर्षांनी डोंगर पूर्ण बुडतो आणि प्रवाळाचं नुसतं कंकण उरतं. शेजारच्या तुआमोतू बेटांचं असंच झालेलं आहे. हे कळल्यावर पडद्यावरची भूमी वेगळी दिसू लागते. ज्याला लोक स्वर्ग म्हणतात ते बेट बुडता बुडता इतकं सुंदर झालेलं आहे.

आणि ते पडद्यावर इतकं सुंदर दिसण्यामागे रसायनाची एक करामत आहे. जुनी कृष्णधवल फिल्म निळ्या उजेडाला फार संवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ आंधळी होती. तिच्यावर निळं आकाश पांढरंफटक उमटायचं, ढग गायब व्हायचे आणि सावळी, तांबूस छटेची त्वचा काळवंडून जायची, चेहऱ्यावरचे भाव त्या काळोखात हरवायचे. ‘पँक्रोमॅटिक’ फिल्म सगळ्या रंगांना राखाडीच्या वेगवेगळ्या छटांत पकडते. फ्लाहर्टीला ‘मोआना’च्या वेळी तिची ताकद कळली होती. बेटावरच्या माणसांचं अंग तिच्यावर तांब्यासारखं उजळून आलं, खांद्याचा गोलवा दिसू लागला, ढगांना घनता आली. ‘टाबू’ पाहताना नायक मताहीच्या ओल्या पाठीवर ऊन कसं घरंगळतं ते पाहा. कुठेही स्टुडिओचा दिवा नाही असं वाटावं इतकं ते सहज आहे. या कामासाठी फ्लॉइड क्रॉस्बीला त्या वर्षीचं छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. पुढे १९५२ साली ‘हाय नून’ही त्यानेच चित्रित केला.

गोष्ट तशी साधी आहे. मताही आणि रेरी यांचं प्रेम. एक दिवस क्षितिजावर शीड दिसतं. सारं गाव होड्यांकडे धावतं. कोकणच्या कोळ्यांना ओळखीच्या वाटतील अशा, बाजूला उलांडी लावलेल्या त्या होड्या एकेक करत पाण्यात शिरतात, मग दहा, मग गणतीच नाही. सगळ्यांचं तोंड त्या जहाजाकडे. आवाज नसूनही आरडाओरडा ऐकू येतो इतकी त्या दृश्याला गती आहे. कॅमेरा मात्र फारसा हलत नाही. ज्याने कॅमेऱ्याला चालायला शिकवलं तोच मुर्नाउ इथे तो रोवून उभा राहतो, आणि चौकटीच्या कडेने होड्या आत येऊ देतो. पुढे काय येतंय ते आपल्याला आधी दिसत नाही. ‘नोस्फेराटू’मध्ये मृत्यू जहाजातून आला होता. इथेही तेच, फक्त लख्ख उन्हात.

जहाजावरून हितू उतरतो. दाढीचा, वाळलेला, डोळ्यांत दयामाया नसलेला म्हातारा. सोबत हुकूम. देवांसाठी राखलेली कुमारिका वारली आहे, तिच्या जागी रेरीची निवड झाली आहे. इथून पुढे तिला कोणी शिवायचं नाही, तिच्याकडे अभिलाषेने पाहायचं नाही. मोडेल त्याला मरण. हा बहुमान आहे म्हणून गाव आनंदतं, नाच होतो. त्या नाचात मताही उडी घेतो आणि रेरीही त्याच्या तालावर नाचू लागते. दोघांच्या मध्ये हुकूम उभा आहे आणि दोघांची शरीरं तो ओलांडून बोलताहेत. रात्री मताही तिला जहाजावरून पळवतो. पहिला भाग संपतो, त्याचं नाव ‘स्वर्ग’. दुसऱ्याचं ‘हरवलेला स्वर्ग’.

मला दुसरा भाग अधिक मोठा वाटतो. अर्धमेल्या अवस्थेत दोघं फ्रेंच अमलाखालच्या एका वसाहतीत पोहोचतात. तिथे मोत्यांचा धंदा आहे. मताही उत्तम पाणबुड्या ठरतो, मोठा मोती काढतो, आणि त्या आनंदात सगळ्यांना दारू पाजतो. दुकानदार कागद पुढे करतो, मताही हसत सही ठोकतो. पैसा म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. त्याच्या लेखी समुद्रात मोती आहेत आणि माणसं तहानलेली आहेत, एवढा हिशेब पुरे.

हे कल्पनेतून उचललेलं नाही. तुआमोतू बेटांवर काळ्या ओठाच्या मोठ्या शिंपल्यांसाठी बुड्या मारल्या जात. मोती क्वचितच मिळे. खरा माल होता शिंपल्याचा चमकदार आतला थर, ज्याची युरोपात बटणं होत. पाणबुडे श्वास रोखून, विनायंत्र, वीस-तीस मीटर खोल जात. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, छातीतली हवा पाव भागात दाबली जाते. दिवसभर एकामागून एक अशा बुड्या मारल्या की रक्तात नायट्रोजन साठत जातो. मग भोवळ, अर्धांगवायू, कधी मृत्यू. तिथले लोक या दुखण्याला ‘तारावाना’ म्हणत. मांगारेवा बेटावरचे पाणबुडे दोन बुड्यांच्या मध्ये जास्त वेळ थांबत, त्यांना हा त्रास होत नसे; या दुखण्याचं कारण शरीरशास्त्राच्या पुस्तकात यायच्या आधीच अनुभवाने उपाय सापडला होता. आणि हा सगळा व्यवहार उधारीवर चालायचा. हंगामाआधी व्यापारी माल देई, हंगामात शिंपले त्याच्याकडे वळते होत. पर्शियन आखातातही हेच होतं. तिथले पाणबुडे नाखव्याच्या उचलीत अडकलेले असत, आणि त्यांनी काढलेले मोती विकायला येत ते आपल्या मुंबईच्या बाजारात. मताहीच्या सहीमागे अर्ध्या जगाचा मोत्यांचा बाजार उभा आहे.

म्हणून मग तिकिटांचं दृश्य काळजात घुसतं. हितू इथेही येऊन पोहोचला आहे. त्याने रेरीला परतायला तीन दिवसांची मुदत दिली आहे, नाहीतर मताहीचा जीव जाईल. दोघं ताहितीवरच्या पापीएतेला पळून जायचं ठरवतात. मताही पैसे घेऊन तिकिटं काढायला जातो, आणि खिडकीशी पोहोचायच्या आतच ती बिलं समोर येतात. त्याची सही, एका रात्रीच्या आनंदाची. सगळे पैसे तिथेच जातात. देवाधर्माचा हुकूम त्यांनी समुद्र ओलांडून चुकवला होता. उधारीचा हुकूम मात्र त्यांना चुकवता येत नाही. याआधी पोलिसाला त्याने शेवटचा मोती देऊन गप्प केलेलं आहे, म्हणजे हाती आता काहीच नाही. तेव्हा तो रात्री निषिद्ध पाण्यात उतरतो. तिथे शार्क आहे, त्याने आधी एकाचा बळी घेतला आहे. मताही मोती घेऊन वर येतो. तोवर झोपडी रिकामी असते. त्याचा जीव वाचावा म्हणून रेरी हितूबरोबर निघून गेलेली, मागे फक्त पत्र.

मताही नावेमागे पोहू लागतो. नावेच्या मागे लोंबणारा दोर त्याच्या हाती लागतो. हितू शांतपणे तो कापतो. रागही नाही, घाईही नाही; काम म्हणून. मताही तरी पोहत राहतो, थकतो, बुडतो. या प्रसंगात कागद एकही नाही. सगळी अक्षरं संपलेली आहेत.

या स्वर्गाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तो रचलेला होता. लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री ताहितीला १७९७ मध्येच उतरले होते, बोरा बोरा १८८८ मध्ये फ्रान्सने ताब्यात घेतलं होतं. १९३० च्या सुमारास तिथली माणसं चर्चला जात होती, सुती कपडे घालत होती. फुलांच्या माळा आणि कमरेच्या वस्त्रातलं ते गाव कॅमेऱ्यासाठी मांडलेलं आहे. फ्लाहर्टीनेही ‘मोआना’साठी सामोआच्या लोकांना त्यांनी सोडून दिलेली सालींची वस्त्रं नेसायला लावली होती. सुरुवातीच्या मजकुरात तर इथे फक्त बेटांवर जन्मलेली माणसं, काही मिश्रवंशीय आणि चिनी दिसतील असं अभिमानाने सांगितलं आहे. गोऱ्या जगाची स्वतःच्या हातून निसटलेल्या निष्पापपणाची ओढ त्या माणसांवर लादलेली दिसते, आणि ती खटकायलाच हवी. पण दुसऱ्या भागात मुर्नाउ स्वतःच ते स्वप्न मोडतो. वसाहत, दारू, बिलं, विकाऊ पोलीस हे सगळं त्याने बघून दाखवलं आहे. त्याच सुमारास, १९३० मध्ये, चित्रकार आँरी मातीस ताहितीला आला होता, दोघांची भेटही झाली. एकाच बेटसमूहाकडे दोन मोठी नजर असलेली माणसं एकाच वेळी पाहत होती हे मनात आलं की अंगावर शहारा येतो.

पुढच्या तारखा जरा सावकाश वाचाव्यात अशा आहेत. चित्रपटाला ह्युगो रीझेनफेल्डच्या संगीताची साथ जोडली गेली, पॅरामाउंटने तो वितरणासाठी घेतला. १० मार्च १९३१ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर मुर्नाउच्या मोटारीला अपघात झाला. ११ मार्चला तो गेला, वय ४२. १४ मार्चला मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. १८ मार्चला न्यूयॉर्कमध्ये ‘टाबू’ झळकला. एका आठवड्याच्या आत आपल्याकडे बोलपट जन्मला आणि तिकडे मूकपटाच्या शेवटच्या शिखरांपैकी एक लोकांसमोर आलं, ते बांधणारा माणूस नसताना. वर्षभरात ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागणार होता. जगभर पडद्यावर आवाजाचा महापूर आला होता, त्यात ‘टाबू’ला प्रेक्षक फारसे मिळाले नाहीत.

रेरीची भूमिका करणारी ॲन शेव्हालिए तेव्हा विशीच्याही आत होती. चित्रपटातल्या रेरीला जहाज घेऊन जातं, हिलाही नेलं, फक्त उलट दिशेला. न्यूयॉर्कला झीगफेल्ड या निर्मात्याच्या रंगारंग कार्यक्रमात ती ‘रेरी’ याच नावाने नाचली. तिथून युरोप. पोलंडमध्ये १९३४ साली एउगेनिउश बोदो या तिथल्या लाडक्या नटाबरोबर ‘काळा मोती’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट तिने केला. १९३७ मध्ये जॉन फोर्डच्या ‘द हरिकेन’मध्ये छोटी भूमिका, आणि मग ती ताहितीला परतली. मताहीचं नाव मात्र त्या एका चित्रपटापाशीच थांबलं.

पॅरामाउंटने वाटेत कात्री लावली होती. पुढे मुर्नाउच्या मूळ रूपाजवळ जाणारी प्रत पुन्हा सिद्ध केली गेली, आणि पाहायची ती तीच. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत ‘टाबू’ची निवड झाली. पण खरी दाद मला २०१२ सालची वाटते. पोर्तुगीज दिग्दर्शक मिगेल गोमेशने त्याच नावाचा, त्याच कृष्णधवल रंगात, दोन भागांचा चित्रपट केला आणि भागांची नावं उलटी लावली: आधी ‘हरवलेला स्वर्ग’, मग ‘स्वर्ग’. तो स्वर्ग आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीतला. त्या दुसऱ्या भागात प्रेमिकांचे ओठ हलतात आणि शब्द ऐकू येत नाहीत, भोवतालचे आवाज मात्र येतात. त्यांचं मनातलं जे काही आपल्यापर्यंत पोहोचतं ते एका म्हाताऱ्याच्या आठवणीतून आणि त्या दोघांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांतून.